पंपिंग चांगले आहे, मग दम का लागतो?

वाचकांचे प्रश्न : उच्च रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि हृदय

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली असल्याने वाचकांनी ते आधी वाचावे.

प्रश्न : माझे वय ६१ असून मी निवृत्त शिक्षक आहे. गेली १४ वर्षे रक्तदाबाची गोळी घेतो. खरे सांगायचे तर मधूनमधून खंड पडतो. अलीकडे दुसऱ्या मजल्यावर चढताना दम लागू लागला म्हणून टू-डी एको केला. अहवालात पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम, असे आहे; पण त्याखाली डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड आणि ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ असेही लिहिले आहे. अँजिओग्राफीत मोठा अडथळा आढळला नाही. डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर थकले आहे, त्याचा हा परिणाम.’ अस्तर रक्तवाहिन्यांचे आणि त्रास हृदयाला, हे कसे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी दिलेले उत्तर बरोबर आहे, ओपीडीच्या गर्दीत ते एका वाक्यात उरकले गेले असावे. आधी पंपिंगचा आकडा पाहू, कारण आपला अर्धा गोंधळ त्याने केलेला आहे. हृदय एकूण किती रक्त फेकते हे तो आकडा सांगत नाही. डाव्या कप्प्यात जेवढे रक्त भरले, त्यातला किती हिस्सा एका ठोक्यात बाहेर पडला, एवढेच सांगतो. कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरले आणि ७२ बाहेर गेले, तर पंपिंग ६० टक्के. भिंत जाड आणि ताठ झाल्यामुळे कप्प्यात ९० मिलिलिटरच रक्त मावले आणि त्यातले ५४ बाहेर गेले, तरीही पंपिंग ६० टक्केच. टक्केवारी तसूभरही हलली नाही, पण शरीराच्या वाट्याला दर ठोक्यामागे १८ मिलिलिटर कमी आले. हा हिशेब समजण्यासाठी घेतलेल्या आकड्यांचा आहे, आपल्या अहवालातला नव्हे. पण ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ या शब्दांचा रोख नेमका इकडे आहे. हृदय आकुंचन पावण्यात कमी पडत नाही, सैल होऊन भरण्यात कमी पडते.

बसल्या जागी हे जाणवत नाही. नाडी मिनिटाला ७२ असताना प्रत्येक ठोक्यात हृदयाला सैल होऊन भरायला साधारण अर्धा सेकंद मिळतो. जिना चढताना नाडी १२० वर गेली, की हाच अवधी निम्म्याच्या आसपास येतो. लवचिक हृदय तेवढ्यात भरून घेते. ताठ हृदयाला भरण्यासाठी आतला दाब वाढवावा लागतो, तो दाब मागे डाव्या वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसांत पोहोचतो, आणि आपण कठडा धरून थांबता.

आता अस्तराकडे येऊ. महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकेरी थर असतो. केशवाहिनीची भिंत तर जवळपास याच थराची बनलेली असते. हा थर म्हणजे भिंतीवरचा गिलावा, रक्त गळू नये आणि गोठू नये एवढ्यापुरता, अशी समजूत बराच काळ होती. ती बदलण्याचे मोठे श्रेय न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या रॉबर्ट फर्चगॉट या औषधशास्त्रज्ञाकडे जाते, आणि त्याची हकिकत मला इतकी आवडते की विषय थोडा लांबला तरी सांगतो. सशाच्या महाधमनीची पट्टी कापून ती क्षारांच्या द्रावणात टांगली आणि त्यात ॲसिटिलकोलीन हे रसायन घातले, की पट्टी आकसायची. जिवंत प्राण्याला तेच रसायन टोचले, की रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरायचा. हा विरोधाभास वर्षानुवर्षे तसाच पडून होता. १९७८ मध्ये एका प्रयोगात सहाय्यकाच्या हातून औषधे घालण्याचा क्रम चुकला आणि त्या दिवशी धमनीचा तुकडा आकसण्याऐवजी सैल झाला. शोध घेतल्यावर लक्षात आले, की पट्टी तयार करताना तिची आतली बाजू नकळत घासली जाऊन अस्तर खरवडले जात होते. जिथे अस्तर शाबूत होते, तिथे धमनी सैलावत होती. मग त्यांनी अस्तर खरवडलेल्या पट्टीवर अस्तर असलेली दुसरी पट्टी, भाकरीवर भाकरी ठेवावी तशी, आतल्या बाजू एकमेकींना लागतील अशी ठेवली, आणि खरवडलेली पट्टीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून शेजारच्या स्नायूला ‘सैल हो’ असे सांगत होते. हे संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना मिळाले.

निरोगी माणसात हे काम चोवीस तास चालते. रक्त वाहताना अस्तराला जे घर्षण होते, ते जाणून अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. तो भिंतीतल्या स्नायूंत शिरतो, स्नायू सैल पडतात, वाट रुंदावते. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, त्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही, सतत बनवावा लागतो. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला, जोडीला मधुमेह, तंबाखू किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असले, की अस्तराच्या पेशींत ऑक्सिजनची अति क्रियाशील रूपे वाढतात आणि ती तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड जागीच नष्ट करतात. उलट बाजूला एंडोथेलिन नावाचे, रक्तवाहिन्या जोरात आवळणारे द्रव्य असते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधले आणि तेही याच अस्तरातून येते. सैल करणारा हात दुबळा झाला, की आवळणाऱ्या हाताचे फावते.

याचा हृदयाशी संबंध एकाच ठिकाणी येत नाही. सर्वांत उघड भाग ओझ्याचा. धमन्या सैल पडत नसतील, तर डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोका अधिक जोर लावून द्यावा लागतो आणि तालमीत दंड फुगावेत तशी त्याची भिंत जाड होते. फरक इतकाच, की तालीमबाजाला विश्रांती मिळते, या कप्प्याला दिवसाला लाखभर वेळा तेच वजन उचलायचे असते. कालांतराने त्या भिंतीत स्नायूंच्या अधेमधे तंतुमय ऊतकही वाढते आणि ते ताणले जात नाही. मोठ्या धमन्या ताठ झाल्या, की आणखी एक गोष्ट घडते. हृदयाने फेकलेली दाबाची लाट पुढच्या फाट्यांवर आपटून परत येते. लवचिक धमनीत ती सावकाश येते आणि हृदय सैल असताना पोहोचते, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याला तिची मदतच होते. ताठ धमनीत ती घाईने परतते आणि हृदय अजून आकुंचनातच असताना समोरून येऊन थडकते.

आपल्या अँजिओग्राफीचे कोडे रक्तपुरवठ्याच्या बाजूला सुटते. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या मोठ्या धमन्या तपासणीत दिसतात, पण किती रक्त सोडायचे हे ठरवणाऱ्या वाहिन्या त्यांच्या पुढच्या, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात आणि अँजिओग्राफीत त्या दिसत नाहीत. निरोगी हृदयात गरजेनुसार हा प्रवाह विश्रांतीच्या तीन-चार पट वाढू शकतो. या बारीक वाहिन्यांचे अस्तर बिघडले, तर तो दुपटीपर्यंतही नीट जात नाही. हमरस्ता मोकळा, पण गल्लीबोळ तुंबलेले, अशी ही अवस्था आहे. डाव्या कप्प्याच्या भिंतीला बहुतांश रक्त हृदय सैल असतानाच मिळते, आणि ताठ हृदयात तो काळच अडचणीचा झालेला असतो. शिवाय भिंत जाड झाल्याने तिची भूक वाढलेली असते. त्यामुळे ठणठणीत पंपिंग आणि स्वच्छ अँजिओग्राफी असूनही दम लागणे किंवा छातीत दडपण येणे यात विसंगती नाही.

तिसरा धागा अलीकडे उलगडला आहे. हृदयाच्या प्रत्येक स्नायुपेशीच्या लगत एक तरी केशवाहिनी असते आणि तिच्या अस्तरातून येणारा नायट्रिक ऑक्साइड त्या पेशीलाही पोहोचतो. पेशीत टायटिन नावाचे, स्प्रिंगसारखे प्रथिन असते. नायट्रिक ऑक्साइडमुळे सुरू होणारी रासायनिक साखळी या स्प्रिंगला मऊ ठेवते. साखळी तुटली, की स्प्रिंग ताठ होते आणि पेशी सैल व्हायला नाखूश असते. लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तदाब यांतून अंगात मुरलेला सौम्य दाह आधी हृदयातल्या सूक्ष्म अस्तराला बिघडवतो आणि मग हृदय ताठते, असे चित्र पौलुस आणि चोपे या दोन हृदयतज्ज्ञांनी २०१३ मध्ये मांडले. ते अजून पूर्ण सिद्ध झालेले नाही, पण आपल्यासारखे रुग्ण रोज पाहणाऱ्यांना ते पटते.

‘ग्रेड वन’ या शब्दांनी मात्र घाबरू नये. साठीच्या पुढे कितीतरी निरोगी माणसांच्या एकोतही ते आढळतात. आपल्या बाबतीत महत्त्व आहे ते दम लागण्याला. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, फुप्फुसांची क्षमता आणि ईसीजीतला ताल पाहून घ्यावा. एकोत डावा वरचा कप्पा मोठा झाला आहे का आणि भरण्याचा दाब वाढलेला दिसतो का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. शंका उरल्यास बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे द्रव्य) प्रकारची रक्ततपासणी किंवा व्यायाम करवून घेतलेला एको उपयोगी पडतो. आणि पत्रात आपण ओझरते लिहिलेले ‘मधूनमधून खंड पडतो’ हे वाक्य, माझ्या मते, आपल्या पत्रातले सर्वांत गंभीर वाक्य आहे. भिंतीची जाडी औषधांनी काही प्रमाणात कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, पण त्यासाठी रक्तदाब महिनोन्महिने आटोक्यात राहावा लागतो. तपासणीच्या आठवड्यात गोळी घेऊन तो आकडा सुंदर दिसतो, हृदय मात्र उरलेल्या तीन आठवड्यांचा हिशेब ठेवते.

प्रश्न : एका आरोग्य तपासणी केंद्राच्या ‘पॅकेज’मध्ये ‘रक्तवाहिन्यांच्या अस्तराची चाचणी’ देऊ केली आहे. दंडाला पट्टा बांधून सोनोग्राफी करतात म्हणे. मला आठ वर्षे रक्तदाब आहे. चाचणी करून घ्यावी का? — एक वाचक, पुणे

उत्तर : चाचणी खोटी नाही, पण आपल्याला तिची गरज नाही. पद्धत अशी आहे. रिकाम्या पोटी, शांत खोलीत उताणे झोपवतात, आणि कोपराच्या वर दंडातल्या धमनीची रुंदी सोनोग्राफीने मोजतात. मग हाताला पट्टा बांधून तो पाच मिनिटे इतका फुगवतात की खाली रक्त जाणेच थांबते. पट्टा सोडल्यावर अडलेले रक्त लोंढ्यासारखे धावते, त्याच्या घर्षणाने अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि सुमारे मिनिटभरात धमनी किती रुंदावली हे पाहतात. १९९२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाल्यापासून जगभरात तिच्यावर खूप संशोधन झाले आहे, आणि संशोधनासाठी ती उत्तम आहे.

अडचण मापाची आहे. ही धमनी जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. निरोगी माणसात ती सात टक्के रुंदावली असे धरले, तर वाढ होते ०.२८ मिलिमीटर, बिघडलेल्या अस्तरात तीन टक्के, म्हणजे ०.१२ मिलिमीटर. निरोगी आणि आजारी यांतला फरक एक-दोन दशांश मिलिमीटरचा, आणि तोही हलत्या प्रतिमेवर मोजायचा. सकाळचा चहा, एक सिगारेट, आदल्या रात्रीचे जेवण, खोलीतला गारवा, स्त्रियांमध्ये मासिक पाळीचा टप्पा, या सगळ्यांनी आकडा बदलतो; प्रोब धरणाऱ्याचा हात बदलला तरी बदलतो. सरावलेल्या प्रयोगशाळेत शेकडो माणसांची सरासरी काढताना हे चालते, एका माणसाच्या एका सकाळच्या आकड्यावर मात्र कोणतेही औषध ठरवता येत नाही. रोजच्या उपचारांसाठी ही चाचणी करा, असे प्रमुख मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले नाही.

त्यापेक्षा त्याच पैशात लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडातील गाळणीच्या सूक्ष्म वाहिन्यांनाही हेच अस्तर असते. ते झिजले की थोडे प्रथिन लघवीतून झिरपू लागते, आणि ते मोजणे स्वस्त आणि भरवशाचे आहे. नेत्रतज्ज्ञांकडून पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाहून घ्याव्यात. शरीरातल्या रक्तवाहिन्या कातडी न चिरता थेट डोळ्यांनी दिसतात, अशी ती एक जागा आहे. ईसीजी आणि एको गेल्या काही वर्षांत झाला नसेल, तर तोही करावा. आणि घरी दंडावर बांधायचे यंत्र आणून, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन वेळा आठवडाभर रक्तदाब लिहून काढावा. घरच्या मापांची सरासरी १३५/८५ च्या वर असेल, तर रक्तदाब आटोक्यात नाही असे समजावे. एवढी वही घेऊन आलेल्या रुग्णाला मी पॅकेजची फाइल आणलेल्या रुग्णापेक्षा अधिक नीट मदत करू शकतो, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आम्हा दोघा पती-पत्नींना रक्तदाब आहे. मुलगा २८ वर्षांचा असून त्याचा रक्तदाब सध्या १२४/८० आहे. आधी अस्तर बिघडते आणि मग रक्तदाब वाढतो, की उलट? त्याला आताच काही औषध द्यावे का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ॲसिटिलकोलीन दिल्यावर हातातला रक्तप्रवाह अपेक्षेइतका वाढत नाही, हे अमेरिकेत १९९० मध्ये दाखवले गेले. पुढे इटलीतल्या संशोधकांना, आईवडिलांना रक्तदाब असलेल्या पण स्वतःचा रक्तदाब नॉर्मल असलेल्या मुलांतही हाच दोष सौम्य प्रमाणात आढळला, म्हणजे निदान काही घरांत तरी अस्तर आधी कुरकुरते. मात्र अस्तराची चाचणी करून पुढे कोणाला रक्तदाब होईल हे सांगता येते का, याविषयी मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या मते हे एक दुष्टचक्र आहे आणि त्याची सुरुवात शोधत बसण्यापेक्षा ते कुठे तोडता येते हे पाहणे शहाणपणाचे आहे.

आपल्या मुलाला औषध नको. वर्षातून एकदा रक्तदाब मोजावा, तंबाखू आणि सिगारेट यांपासून दूर राहावे, कमरेचा घेर वाढू देऊ नये आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे. चालण्याने अस्तरावरचे घर्षण लयीत वाढते आणि पेशींची नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची तयारी सुधारते. अस्तरासाठी याहून थेट उपाय मला ठाऊक नाही. तो घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी मात्र आताच करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. नातेवाइकांनी बिटाचा रस आणि ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी’ पावडर सुचवली आहे. त्यांना जेवणात लोणचे-पापड लागते, आणि दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावण्याची सवय आहे. त्याला त्या दात घासणेच म्हणतात. काय द्यावे आणि काय बंद करावे? — एक वाचक, कराड

उत्तर : प्रश्नाच्या शेवटी जे आले आहे, त्यापासून सुरुवात करतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरड्यांवर चोळली, की निकोटीन थेट रक्तात उतरते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वर जातात, आणि दिवसातून चार वेळा लावली तर हे दिवसातून चार वेळा घडते. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत सिगारेट ओढणाऱ्या मुलाला दटावणारी आई स्वतः मिश्री लावत असते आणि तिच्या मनात तो तंबाखूचा नाद नसतो. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यावर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. ‘मिश्री लावता का’ असेच विचारावे लागते. सासूबाईंना ती एका दिवसात सुटणार नाही. आधी रात्रीची, मग दुपारची, अशी एकेक वेळ कमी करत न्यावी, आणि डोके दुखणे किंवा चिडचिड पहिले काही दिवस होईल याची घरच्यांनी तयारी ठेवावी.

मिठाच्या बाबतीत घरातल्या पिशवीचा हिशेब करून पाहावा. माणशी दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा धरली, तर चार जणांच्या घरात एक किलो मीठ ५० दिवस पुरायला हवे. बहुतेक घरांत ते महिनाभरही पुरत नाही, आणि त्यात बाहेरून आणलेल्या फरसाणाचे मीठ धरलेलेच नसते. लोणच्याची फोड आणि पापड पूर्ण बंद करण्यावरून घरात वाद घालण्यापेक्षा दोन्हींपैकी एकच, आणि तेही दिवसातून एकदाच, असा तह करावा. कमी सोडियमचे मीठ चांगले असते, पण त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

बिटाच्या रसामागे खरे विज्ञान आहे. बीट, पालक, माठ, मेथी यांत नायट्रेट असते. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि त्यातून पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड मिळतो, म्हणजे थकलेल्या अस्तराला वळसा घालून जाणारी ही एक आडवाट आहे. लंडनमध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६४ रुग्णांपैकी ज्यांनी चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बिटाचा रस घेतला, त्यांचा रक्तदाब सुमारे ८/४ ने उतरला आणि रस बंद केल्यावर पुन्हा चढला. अभ्यास छोटा होता. सासूबाईंना मधुमेह, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर आठवड्यातून काही दिवस बीट आणि रोज एक पालेभाजी असावी; भाजी उकडून पाणी फेकून दिले, तर नायट्रेट त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. जंतुनाशक माउथवॉश रोज वापरू नये, तो या उपयोगी जिवाणूंनाही मारतो. रस गोळ्यांच्या जागी नव्हे, जेवणाचा भाग म्हणून घ्यावा.

पावडर मात्र आणू नये. अशा पावडरींत बहुधा एल-आर्जिनीन असते, कारण शरीर त्यापासूनच नायट्रिक ऑक्साइड बनवते. कच्चा माल वाढवला की उत्पादन वाढेल, हा तर्क ऐकायला गोड आहे. २००६ मध्ये हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. हृदयाचे काम सुधारले नाही, रक्तवाहिन्यांचा ताठपणा कमी झाला नाही, आणि आर्जिनीन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. कारखाना बिघडलेला असताना कच्च्या मालाचे ढीग लावून उपयोग होत नाही.

प्रश्न : नायट्रिक ऑक्साइड कमी पडणे हेच जर ताठ हृदयाचे मूळ असेल, तर जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटसारखी, तोच वायू देणारी गोळी मला रोज का दिली जात नाही? मला रक्तदाब आणि ‘डायस्टोलिक’ प्रकारचे हार्ट फेल्युअर आहे. सध्या टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि नव्याने एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे. मला मधुमेह नसताना हे मधुमेहाचे औषध का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला तर्क अचूक आहे, आणि बड्या संशोधकांनीही तोच केला होता. २०१५ मध्ये अशाच ११० रुग्णांना सॉर्बिट्रेटच्याच जातीची, म्हणजे नायट्रेटची, रोजची गोळी देऊन त्यांच्या हालचाली अंगावर बांधलेल्या यंत्राने मोजल्या गेल्या. गोळी चालू असताना रुग्ण अधिक फिरायला हवे होते, ते उलट कमी हालचाल करू लागले. त्याआधी २०१३ मध्ये नायट्रिक ऑक्साइडचा पुढचा परिणाम लांबवणारे सिल्डेनाफिल आणि नंतर २०१८ मध्ये हुंगण्याचे नायट्राइट वापरून पाहिले. दोन्हींनी व्यायामक्षमता सुधारली नाही. याचा अर्थ अस्तराचा सिद्धान्त खोटा असा मी घेत नाही. अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते ते जागा आणि वेळ पाहून, जिथे प्रवाह वाढला तिथेच; गोळी तो अंगभर एकदम सोडते. शिवाय वर्षानुवर्षांत वाढलेले तंतुमय ऊतक कोणताही वायू विरघळवत नाही. छातीत दुखत असेल, तर जिभेखालच्या गोळीचे काम वेगळे आहे आणि ती आपल्याजवळ असावीच.

आपल्याला मिळालेली औषधे योग्य आहेत. टेल्मिसार्टनसारखी औषधे अँजिओटेन्सिनला अडवतात; रक्तवाहिन्या आवळणे आणि अस्तरातल्या विध्वंसक ऑक्सिजन रूपांना चालना देणे, हे दोन्ही उद्योग त्या द्रव्याचे आहेत. अस्तरासाठी कोणते औषध सरस, यावर बरेच लिहिले गेले आहे, पण माझा भर वेगळा आहे. निरनिराळ्या औषधांच्या अभ्यासांची एकत्रित आकडेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वरचा रक्तदाब पाच अंकांनी उतरवल्यास हृदय आणि मेंदूचे मोठे आघात सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले. त्याआधी २०१५ च्या स्प्रिंट या अमेरिकी अभ्यासात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवणाऱ्या गटात हार्ट फेल्युअरचे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होते. अर्थात त्या गटात चक्कर येणे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी अधिक होत्या, म्हणून आपल्यासाठी नेमका आकडा आपल्या डॉक्टरांनीच ठरवावा.

एम्पाग्लिफ्लोझिन मधुमेहासाठी आले खरे, पण २०२१ मध्ये पंपिंग चांगले असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही ते उपयोगी ठरले, आणि त्या अभ्यासातल्या निम्म्या रुग्णांना मधुमेह नव्हता. रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे प्रमाण त्याने कमी झाले. ते घेताना पाणी पुरेसे प्यावे, लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवावी, आणि उलट्या-जुलाब होत असतील किंवा उपास करायचा असेल, त्या दिवशी ते घ्यावे की नाही हे आधीच विचारून ठेवावे.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारायला पुरुष संकोचतात म्हणून आपणहून लिहितो. लिंगातील रक्तवाहिन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असतात आणि ताठरता याच नायट्रिक ऑक्साइडवर अवलंबून असते, त्यामुळे अस्तराचा बिघाड कित्येकदा छातीत दुखण्याच्या काही वर्षे आधी तिथे जाणवतो. तशी तक्रार असेल, तर डॉक्टरांना सांगावी. परस्पर दुकानातून सिल्डेनाफिल आणून घेऊ नये. ते घेतलेले असताना २४ तासांच्या आत सॉर्बिट्रेट किंवा कोणतेही नायट्रेट घेतले, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. त्याच प्रकारचे टाडालाफिल घेतले असेल, तर हे अंतर ४८ तासांचे धरावे, आणि तातडीच्या विभागात पोहोचल्यावर ही माहिती सर्वांत आधी द्यावी.